लाडवांत काही नव्हतं

मागच्या महिन्यात सेलूला एका लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयात टेबलाच्या रांगा होत्या. माझ्या समोरच्या रांगेत दोन बाया पाठमोऱ्या बसल्या होत्या. वाढप्यानं ताटात लाडू ठेवला तसा त्यातल्या एकीनं तो बोटानं कडेला सारला.

"मी बाहीरचा लाडू खात नसते बाई," ती शेजारणीला म्हणाली. "तिकडं वालूरला एका बाळंतिणीला सासूनं लाडवातून काईतरी घातलं. अर्धं अंग गेलं पोरीचं. वाचा बी गेली."

"अगं माय! कुठली वं सासू?"

"पाथरीची. लय गोड बोलती म्हणं, म्हणूनच कुणाला शक आला न्हाई."

माझं जेवण अर्धं झालं होतं. मी हात धुवायला उठलो. ती बाळंतीण माझी मुलगी आहे. पाथरीची सासू म्हणजे माझ्या विहीणबाई. त्या लाडवांत काय होतं हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो. माझी नोकरी माणसांची तोंडं बघण्यात गेली. गाडी खचाखच भरलेली असली तरी तिकीट न काढलेला माणूस मी बरोबर हेरायचो. तो हटकून खिडकीबाहेर बघत असतो. जणू पहिल्यांदाच कापसाचं रान बघतोय असा. डेपोत माझ्या या नजरेचं कौतुक होतं आणि मलाही तिचा गर्व होता. निवृत्त झाल्यावर ती नजर ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा ती मी घरातल्या आणि नात्यातल्या माणसांवर ठेवली. भाजीवाला, सालगडी, भाऊबंद, शेवटी व्याही. कुणी माझ्याशी चांगलं बोललं की मी मनात विचारायचो, आता याला काय पाहिजे?

मुलगी पाथरीला दिली. जावयाचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. विहीणबाई विधवा, घर त्यांच्याच तंत्रानं चालणारं. तोंडानं फटकळ, हाताला मात्र गोडी. मुलीला दिवस गेले आणि आमची पहिली कुरबुर झाली. त्यांचं म्हणणं, बाळंतपण पाथरीतच व्हावं.

"दवाखाना घराला लागून हाय, इवाई. तुमच्या आखाड्यावर अवघडलेल्या पोरीचं काय करताव?"

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," मी म्हणालो. "आमी काय उघड्यावर पडलोय का?"

"मी कुठं तसं म्हणलं? तुमी लगीच तिकीट फाडताव बघा."

सगळे हसले. मी हसलो नाही. आखाडा म्हणजे शेतातलं आमचं घर. वालूरपासून थोडं आत, रस्ता कच्चा, पण पत्रे नवे आणि अंगण सारवलेलं. मला वाटलं या बाईला आमचं घर हलकं वाटतं. आठव्या महिन्यात मी हट्टानं मुलीला घेऊन आलो.

पावसाळ्याचे दिवस होते. एका सकाळी गोठ्यात गव्हाणीखाली साप निघाला. मुलगी दारातच उभी होती. मी काठीनं तो मारला. आमच्याकडे असं मानतात की घरात गरोदर बाई असताना साप मारू नये. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पुढं काही दिवसांनी मुलीच्या डाव्या कपाळावर आग सुटली. मग भुवईपासून केसांपर्यंत पट्ट्यानं फोड उठले. फोड डाव्याच बाजूला, मधली रेघ आखल्यासारखे. डाव्या डोळ्याची पापणी सुजून डोळा मिटला. बायकोनं एकदाच बघितलं आणि मला गोठ्याकडे ओढत नेलं.

"नागीण हाय," ती कानाशी म्हणाली. "तुमी मारलात तिचीच."

मला सापाची भीती वाटली नाही. मला विहीणबाईंची भीती वाटली. त्या काय म्हणतील ते मला आधीच ऐकू येत होतं: तरी म्हणलं होतं, पाथरीत राहू द्या. साप मारला ही गोष्ट जावयाच्या कानावर गेली, तर माझ्या घराला दोष आहे असं ठरणार, आणि पोटातल्या लेकराला काही कमीजास्त झालं की तेही माझ्याच माथी. मी बायकोला सांगितलं, हे पाथरीला कळता कामा नये.

गावात नागीण उतरवणारी एक म्हातारी आहे. तिला दुपारी गुपचूप बोलावलं. तिनं काव उगाळली. काव म्हणजे दाराच्या चौकटीला लावतात ती लाल माती. तिनं फोडांच्या दोन्ही टोकांना लाल रेघा ओढल्या. नागिणीचं डोकं आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस जगत नाही, म्हणून वाट अडवायची. ती मनाशी काही पुटपुटली आणि म्हणाली, "ह्या दुखण्याचं नाव घेऊ नगा. परक्याची सावली पडू देऊ नगा." हे तिचं सांगणं माझ्या फार सोयीचं होतं.

मुलगी शिकलेली. ती म्हणाली, "आबा, आग सोसत न्हाई. सेलूला दाखवू ना डॉक्टरला."

"पोटात लेकरू असताना गोळ्या खातेस?"

"डॉक्टर बघूनच देतेत की. मी यांना फोन करू का?"

"काय सांगणार हायस? बापाच्या घरी नागीण निघाली म्हणून?"

तिनं फोन खाली ठेवला. माझ्यासमोर ती गप्पच बसत आली होती. आरोग्य केंद्राची आशाताई तपासणीला आली त्या दिवशी बायकोनं मुलीच्या डोक्यावरून पदर ओढून तिला आत निजवलं आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. जावयाचा व्हिडिओ कॉल आला की मी म्हणायचो, इथं रेंज नाही.

फोड वाळले. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात सुखरूप झालं. मुलगी झाली, गुटगुटीत. मी आखाड्यावर पेढे वाटले आणि मनात म्हणालो, सुटलो. पण खपल्या पडल्या तरी कपाळाची आग काही जाईना, म्हणून बायको रोज सकाळी काव लावायची आणि दुपारी पुसायची. केसांच्या मुळाशी लाली राहायचीच.

बारशाला विहीणबाई बाळंतविडा घेऊन आल्या. लेकराला झबली, सुनेला साडी आणि स्टीलचा मोठा डबा भरून डिंकाचे लाडू. स्वतः वळलेले. त्यांनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला.

"कपाळाला काय झालं वं हिच्या? लाल कशानं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं.

"चौकट लागली," मी म्हणालो. "कावेनं नुकतीच रंगवलेली. तिचीच लाली."

विहीणबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पाहुण्यांना चहा सांगायला बाहेर पडलो.

दिवाळीच्या आसपास एका सकाळी मुलगी लेकराला घ्यायला वाकली आणि तिचा उजवा हात वर येईना. पायही ओढत होता. तोंड वाकडं झालं होतं. बायको ओरडली, "वारं गेलं अंगावरून!" शेजारच्या जीपनं आम्ही परभणी गाठली. पाठोपाठ जावई आणि विहीणबाई आल्या.

तिथले डॉक्टर शांतपणे एकेक विचारत होते. बीपी होतं का? झटका कधी आला होता का? घरात कुणाला? आणि मग: "गरोदरपणात ताप, अंगावर पुरळ, फोड, असं काही झालं होतं?"

विहीणबाई माझ्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या बांगडीचा आवाज येईल इतक्या जवळ.

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर रिक्षावाले भांडत होते.

"न्हाई," मी म्हणालो. "काईच न्हाई झालं."

माझ्या खोट्यामुळं हे झालं असं मला तेव्हा वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवतो. कपाळावरच्या फोडांचा आणि हातापायाचा संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी फक्त माझी अब्रू झाकत होतो. डॉक्टरांना जेवढं सांगितलं गेलं तेवढ्यावर त्यांनी बरोबर विचार केला. बाळंतपणानंतर रक्त घट्ट होतं, डोक्यातली शीर तुंबते, असं ते म्हणाले. रक्त पातळ होण्याची औषधं सुरू झाली. हात थोडा थोडा हलू लागला आणि आम्ही तिला घरी आणलं. पाथरीला नाही, आखाड्यावर.

कारण तोवर घरात दुसरंच शिजलं होतं.

"ते लाडू खायला लागल्यापून झालंय," बायको म्हणाली. "रोज सकाळी एक खायची."

माझ्या आतला कंडक्टर उठून बसला. मी हिशेब जुळवू लागलो. पाथरीत बाळंतपण करायचा आग्रह कशासाठी होता? मुलगी झाली म्हणून बारशाला त्यांचं तोंड उतरलं होतं का? डब्यावर झाकण एवढं घट्ट कशाला? कपाळावरून हात फिरवला तो नक्की मायेनं? एकदा नजर तशी लागली की सगळं जुळतच जातं. जावई गप्प असला की मला वाटायचं त्याला माहीत आहे, आणि बोलला की वाटायचं झाकतोय.

डब्यात काही लाडू उरले होते. मी परसात गेलो आणि आमच्या कुत्र्याला एक घातला. तो त्यानं एका घासात संपवला आणि शेपूट हलवत दुसरा मागू लागलं. दुसराही घातला. दिवसभर मी त्याच्यावर लक्ष ठेवून होतो. संध्याकाळी ते गाडीच्या मागं भुंकत धावत गेलं. दुसऱ्या दिवशीही ठणठणीत. उन्हात पाय पसरून झोपलेलं.

ही गोष्ट मी बायकोला सांगायला हवी होती. सांगितली नाही. उरलेले लाडू तिनं उकिरड्यात पुरले तेव्हा मी तिला फावडं आणून दिलं. तिनं ही गोष्ट विहिरीवर एका बाईला सांगितली. पुढं ती आपोआप चालत गेली. गावात मला कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "आता काय बोलावं? पोरीचं घर हाय ते." या एका वाक्यानं जेवढं काम केलं तेवढं शंभर शिव्यांनी केलं नसतं. मला ते ठाऊक होतं.

विहीणबाई सुनेला बघायला आल्या. ओसरीवर बसल्या. बायकोनं पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही.

"लेकराला आणा की जरा."

"झोपलंय."

"आत्ता तर आवाज आला."

"उठून परत झोपलं."

विहीणबाईंनी पिशवीतून मेथीचे लाडू काढले, केळी काढली. बायकोनं ते हातात न घेता सुपात ठेवायला सांगितलं. मग त्यांच्यादेखत ते सूप उचलून ओसरीच्या पार कोपऱ्यात सारलं.

"इहीणबाई," विहीणबाई बायकोला म्हणाल्या, "माझ्या हाताला काय लागलंय का?"

"मी कुठं काय म्हणलं?"

"तुमी न्हाई म्हणत. एसटीतली माणसं म्हणायलेत. मी मागच्या शिटावर बसले की पुढचं मला ऐकू येत न्हाई व्हय?"

त्या माझ्याकडे वळल्या. मी अडकित्त्यानं सुपारी कातरत होतो. मान वर केली नाही. त्या उठल्या, चप्पल घातली आणि उन्हातून जीपच्या थांब्याकडे चालत गेल्या. आत माझी मुलगी भिंतीला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती, सासूला हाक मारायला. हाक तोंडातून सरळ येत नव्हती.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, दुसरा झटका आला. जो हात परत येत होता तो पुन्हा गेला, आणि आता वाचाही. परभणीहून आम्हाला नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचे केस मागं सारले आणि बोट कपाळावर ठेवलं. खपल्या पडून गेलेल्या जागी पांढुरके खड्डे राहिले होते, डावीकडेच, रेघ आखल्यासारखे.

"हे काय झालं होतं?"

जावई औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत मी, डॉक्टर आणि मुलगी. मी तोंड उघडायच्या आत तिनं डावा हात उचलला आणि आपल्या कपाळावर बोटानं एक वाकडीतिकडी रेघ ओढली. भुवईपासून केसांपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं.

"नागीण झाली होती," मी म्हणालो. "आठव्या महिन्यात."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. माझ्यासारख्याला कळेल अशा भाषेत सांगितलं. लहानपणी कांजिण्या येतात त्याचा विषाणू अंगातून जात नाही, शिरांच्या मुळाशी झोपून राहतो. पुढं कधीतरी उठतो ती नागीण. डोळ्याच्या बाजूला उठली तर क्वचित कधी तो आत शिरतो, मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजतात आणि रक्त अडतं. फोड वाळल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनीही. त्यात बाळंतपणाच्या आगेमागे रक्त तसंही लवकर गोठतं. डावीकडं नागीण, म्हणून उजवा हात आणि बोलणं.

"साप मारल्यानं न्हाई?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "नाही. आधी सांगितलं असतं तर विषाणूचं औषध आधी सुरू केलं असतं."

"म्हणजे दुसरा झटका..."

"ते सांगता येत नाही. कदाचित टळला असता. कदाचित नसता."

पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं आणि औषधं शिरेतून सुरू करायची असं ठरलं. ते बाहेर गेल्यावर माझ्या मनात जे आलं ते लिहायला हात जड होतो. मनात आलं, हे घरातल्यांत फक्त मला आणि मुलीला माहीत आहे, आणि तिला बोलता येत नाही. आणि मला हायसं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

जावई वर आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "इन्फेक्शन हाय म्हणतेत." डॉक्टरांनीही त्याला मेंदूच्या शिरांना विषाणूची सूज आहे असं सांगितलं, औषधांचं सांगितलं. ते कुठून आलं हे त्यांनी मला सांगितलं होतं, तेव्हा मी ते घरच्यांना सांगितलं असेल असंच त्यांना वाटलं असणार. आमच्या गावापर्यंत त्यातला एकच शब्द पोचला. इन्फेक्शन. ते खाण्यातून होतं हे आता बायकांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

वर्षभर मुलगी आखाड्यावर होती. नात बसायला लागली, रांगायला लागली. तिचे बोबडे बोल आणि तिच्या आईचे तुटके शब्द एकदमच सुरू झाले. नात "माय" म्हणाली त्याच आठवड्यात मुलगी "पाणी" म्हणाली. बायको दोघींची दृष्ट काढायची. मी मात्र मुलीच्या ओठांवर नजर ठेवून असायचो. प्रत्येक नवा शब्द आला की मी चपापायचो. गाडीत विनातिकीट बसलेल्याला पुढच्या थांब्यावर तपासनीस दिसावा तसं. आपल्याच लेकीच्या बोलण्याला मी भीत होतो. तिला ते कळत होतं. ती माझ्यासमोर नवे शब्द बोलेनाशी झाली.

जावई आठवड्याच्या बाजाराला यायचा. त्या सकाळी मुलगी डाव्या हातानं लेकराचे कपडे घडी करून पिशवीत भरायची. एका हातानं घडी नीट पडायची नाही, ती परत करायची. संध्याकाळी जावई एकटाच जायचा. मी म्हणायचो, अजून तब्येत सुधारू द्या. मग ती पिशवी पुन्हा रिकामी करायची.

संक्रांतीला पाथरीहून निरोप आला, नातीचं बोरन्हाण आहे. बायको म्हणाली, "तिथं पाणी बी पिऊ नगा." ती आली नाही. मी मुलीला आणि नातीला घेऊन गेलो, संध्याकाळी परत आणायचं ठरवून.

विहीणबाईंनी अंगणात पाट मांडला होता. नातीला काळं झबलं, हलव्याचे दागिने. गल्लीतल्या बाया आपापली लेकरं घेऊन आल्या होत्या. विहीणबाईंनी परडी उचलली आणि नातीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, रेवड्या, तिळाचे छोटे लाडू असं सगळं ओतलं. अशा वेळी लेकरं तुटून पडतात. एकमेकांच्या अंगावर चढून खाऊ गोळा करतात. त्या गलक्यासाठीच तर बोरन्हाण असतं.

एकही लेकरू पुढं आलं नाही. आयांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते.

"घसा धरलाय वं ह्येचा, बोरं नगं."

"आत्ताच जेवलंय."

"ये, हिकडं ये म्हणलं ना!"

सगळा खाऊ पाटाभोवती तसाच पडून होता. नात एकटीच मधे बसून चुरमुरे मुठीत धरत होती. विहीणबाई रिकामी परडी हातात घेऊन उभ्या होत्या. आमच्या गावात सुटलेली गोष्ट पाथरीच्या या गल्लीत पोचली होती, आणि ती बाई रोज त्यात राहत होती, हे मला तेव्हा दिसलं.

माझी मुलगी खुर्चीतून उठली. पाय ओढत पुढं आली, वाकली, तोल सावरला आणि जमिनीवरचा एक तिळाचा लाडू डाव्या हातानं उचलून तोंडात टाकला. सगळ्यांच्या देखत चावला, गिळला. मग मला म्हणाली,

"आबा. सांगा."

हा शब्द तिनं माझ्यासमोर आधी कधी उच्चारला नव्हता. किती दिवस तयार करत होती कोण जाणे.

मी सांगितलं. उभ्यानं, सगळ्या बायांसमोर. साप, नागीण, काव, चौकटीचं खोटं, परभणीला दिलेलं उत्तर, नांदेडला कळलेलं कारण. कुत्र्याचंही सांगितलं. बोलताना मी जावयाकडे बघू शकलो नाही. तो दाराला टेकून उभा होता, आणि माझं झाल्यावर आत निघून गेला. पुढं कितीतरी महिने तो माझ्याशी बोलला नाही.

विहीणबाईंनी परडी खाली ठेवली.

"कुत्र्याला घातला?"

"व्हय."

"आवडला का त्येला?"

"लय आवडला," मी म्हणालो. "दुसरा मागितला."

कुणी हसलं नाही. मुलगीच हसली, तिच्या अर्ध्या तोंडानं, आणि मग तिला रडू आलं.

"काव मी बारशालाच बघितली व्हती, इवाई," विहीणबाई म्हणाल्या. "चौकट लागून भुवईपून रेघ उठती व्हय? मला वाटलं, तुमीच घरात काईतरी करणी-बिरणी करून घ्यायलाव. माझ्या लेकराचं घर मोडायला. वरीसभर तुमच्याकडून आलेली तूर, वांगी, समदं मी गाईला घातलंय. तोंडाला लावलं न्हाई. पर मी हे गल्लीत कुणाला बोलले न्हाई. तुमी बोललात."

"मी सोताच्या तोंडानं..."

"तुमी गप बसलात. तेच बोलणं." त्या खाली बसल्या आणि नातीच्या केसांतले चुरमुरे वेचू लागल्या. "सून आता हितंच राहील. आणि हे जे हितं सांगितलं ते वालूरला जाऊन सांगा. माझं नाव तिथून निघालंय."

मी हो म्हणालो. मुलीची पिशवी तिथंच राहिली. मी एकटा जीपनं परत आलो.

आणि वालूरला सांगितलं नाही. पारावर बसलो की शब्द ओठाशी यायचा. मग वाटायचं, काव लावणारी बायको होती, तिला लोक काय म्हणतील. हे कारण मी पुढं करायचो. खरं कारण साधं होतं. पाथरीत मला कुणी ओळखत नव्हतं, वालूरला सगळे ओळखतात. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाथरीवाल्यांनी तुमच्याकडून वदवून घेतलं." तिला आजही तसंच वाटतं.

नात आता शाळेत जाते. मुलगी काठीशिवाय चालते, डाव्या हातानं भाकरी थापते, सावकाश पण पुरतं बोलते. आणि गोष्ट तशीच फिरते आहे, हे मला त्या लग्नात कळलं.

हात धुतल्यावर मी घरी जाणार होतो. नळ बंद केला आणि परत फिरलो. त्या दोन बायांसमोर जाऊन उभा राहिलो.

"ताई, त्या लाडवांत काई नव्हतं. पोरीला नागीण झाली व्हती. बापानं ती डॉक्टरपासून लपवली."

लाडू सारणारी बाई वर बघू लागली. "तुमाला काय ठाव?"

"मी तिचा बाप."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट, निरखून बघितलं. कार्यालयाला खिडक्या बऱ्याच होत्या. मी तिच्याकडेच बघत राहिलो.

मी वळल्यावर ती शेजारणीला हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं: "पोरगी नांदती ना तिथं. म्हणून बिचारा सोतावर घ्यायलाय."

तोंडी सांगून भागणार नाही हे त्या दिवशी कळलं. म्हणून सगळं सापापासून लिहिलं. उद्या दुपारी पारावर नेऊन वाचणार आहे. बायकोलाही चल म्हणालो आहे. तिनं उत्तर दिलेलं नाही. ओसरीवर पाथरीहून आलेला लाडवांचा डबा आहे, त्यातले मी एकटाच खातो, बायकोनं कधी हात लावलेला नाही. आज सकाळी बघितलं तर माझ्या मोजणीपेक्षा एक कमी होता. कुत्रं साखळीला बांधलेलं होतं.